ट्रेलरवरची बोट आणि पावणेसात फुटांचं शटर

प्रश्न भुसावळकडच्या एका भाऊंचा आहे. तापीकाठच्या सात-आठ पोरांनी वर्गणी काढून पंधरा फुटी फायबरची बोट घेतली. पुरात अडकलेल्यांना काढायचं, विसर्जनाच्या दिवशी घाटावर उभं राहायचं, हे तिचं काम. बोट ट्रेलरवर असते आणि ठेवायची आहे एकाच्या घरच्या गॅरेजात. गॅरेज १९ फूट खोल. शटर पूर्ण वर घेतलं की खाली मोकळी उंची ६ फूट ९ इंच. बोटीत स्टिअरिंगपाशी लोखंडी पाईपची चौकट आहे, तिचा माथा जमिनीपासून ७ फूट १ इंच. गॅरेजची फरशी रस्त्यापेक्षा ९ इंच वर आहे आणि मध्ये ६ फुटांचा रॅम्प. गवंडी म्हणतो लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, फोडू, शेजारी म्हणतात चाकातली हवा सोडा. भाऊ विचारतात, "आते काय करानं?"

भाऊ, लिंटेलला हात लावू नका. तुमचं घर विटांच्या भिंतींवर उभं आहे असं फोटोत दिसतं. तसं असेल तर त्या लिंटेलवर वरची भिंत आणि स्लॅबचा काही भार आहे. चार इंचांसाठी तो आधार तोडायचा नसतो. कॉलम-बीमचं घर असतं आणि लिंटेलच्या वर नुसता विटांचा भराव असता, तर इंजिनिअर बोलावून विचार करता आला असता. इथे त्याची गरजच नाही.

मी पंचवीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. बोटींचे ट्रेलर नंतर आले, हतनूर धरणाच्या पाण्यात मासे धरणाऱ्यांमुळे. पण उंचीचं गणित मी कापसाच्या ट्रॉलीवर शिकलो. जिनिंगच्या गेटखालून कापसाची ट्रॉली जाताना ड्रायव्हर वर बघत नाही, चाक कुठे आहे ते बघतो. चाक गेटमधल्या उंचवट्यावर चढलं की डोक्यावरचा कापूस उचलला जातो, मग कमानीला घासतो. बोटीचंही तसंच आहे. तुमची ७ फूट १ इंच ही उंची फक्त सपाट जागेवर खरी. शटरखाली चौकट येईल त्या क्षणी चाकं कुठे आणि पुढची दांडी कुठे, यावर खरी उंची ठरते.

त्याआधी मापं पुन्हा घ्या. फोटोत बोटीत दोन पोरं उभी आहेत. माप तेव्हाच घेतलं असेल तर ते चुकलं, कारण माणसं उतरली की कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वर येतात आणि चौकटही वर जाते. बोट गॅरेजात जाईल तशीच हवी: पेट्रोलची टाकी काढलेली, नांगर, जॅकेटं आत, माणूस एकही नाही, ट्रेलर जीपला जोडलेला. अंगणातली जमीन कधी सपाट नसते, म्हणून चौकटीच्या खाली टेप सोडून माप घेऊ नका. गवंड्याची लेव्हल पाईप आणा. चाक जमिनीला टेकतं तिथून पाणी धरा आणि चौकटीचा माथा त्या पातळीपासून मोजा. दरवाजाची उंचीही दोन्ही कोपऱ्यांत आणि मधोमध, तीन ठिकाणी घ्या. फरशी मधोमध फुगलेली असते, शटरची खालची पट्टी मधोमध लोंबलेली असते.

आणखी तीन मापं लागतील. ॲक्सलपासून, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या बारपासून, दांडीच्या हुकापर्यंत किती, ॲक्सलपासून चौकट किती पुढे, आणि ॲक्सलपासून बोटीची मागची फळी किती मागे. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून हुक ॲक्सलच्या १२ फूट पुढे, चौकट ३ फूट पुढे आणि मागची फळी ५ फूट मागे येते. सगळा खेळ या तीन आकड्यांचा आहे.

ट्रेलर म्हणजे ॲक्सलवर टेकलेली तराजूची दांडी. हुक खाली गेला की ॲक्सलच्या पुढचं सगळं खाली जातं, मागचं वर येतं. हुक १२ इंच खाली आणला तर ३ फुटांवरची चौकट ३ इंच खाली येते आणि ५ फूट मागची फळी ५ इंच वर जाते. तुमची सर्वांत उंच वस्तू ॲक्सलच्या पुढे आहे हे तुमचं नशीब. ती मागे असती तर उलटं करावं लागलं असतं, हुक वर उचलावा लागला असता.

आता रॅम्प पाहा. बोट मागच्या बाजूने आत घालायची. चौकट बरोबर शटरखाली येते तेव्हा ॲक्सल दारापासून ३ फूट आत, सपाट फरशीवर असतो. हुक दाराच्या ९ फूट बाहेर असतो. रॅम्प सहाच फुटांचा, म्हणजे जीप आणि हुक खाली रस्त्यावर आहेत, फरशीच्या ९ इंच खाली. हुक ९ इंच खाली म्हणजे चौकट त्याच्या पाव, सव्वादोन इंच खाली. एक रुपया खर्च न करता चार इंचांतले सव्वादोन इंच मिळाले. रस्त्यापेक्षा गॅरेज उंच असणं लोकांना अडचण वाटते, तुमच्या बाबतीत ती मदत आहे. गॅरेज रस्त्याच्या खाली असतं तर हेच सव्वादोन इंच उलटे अंगावर आले असते.

पावणेदोन इंच राहिले. पण मी कुणालाही दीड इंचाच्या मोकळिकीशिवाय बोट आत घालू देत नाही. चाक रॅम्पच्या कडेवरून फरशीवर चढताना पाटे एकदा दबतात आणि उसळतात, चौकट वरखाली होते. म्हणजे अजून सव्वातीन इंच हवेत.

हवा सोडायचं म्हणणाऱ्यांना मी हसत नाही. रेल्वेपुलाखाली अडकलेला ट्रक असाच निघतो. पण ट्रकचं टायर मोठं, तुमचं लहान. त्यातली हवा निम्मी केली तरी पाऊण इंच मिळेल. अर्धवट हवेवर भरलेला ट्रेलर रॅम्पवर जरा वळला तर टायर रिमवरून सुटतं. वर्षातून दोनदा आत-बाहेर करायची बोट असती तर मी चालवून घेतलं असतं. तुमची बोट रात्री दोन वाजता काढावी लागणार आहे. हतनूरचे दरवाजे उघडल्याचा फोन आल्यावर पोरांनी पंपाने हवा भरत बसायचं का? हाच निकष सगळीकडे लावा. दोन माणसं, दहा मिनिटं, अंधार, पाऊस. यात बसत नाही ती युक्ती तुमच्यासाठी नाही.

याच कारणाने हाताने ढकलायची पद्धत मी तुम्हाला सांगणार नाही, जरी तिने उंची बरीच मिळते. ज्यांना घाई नसते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जीप सोडवायची, दांडीखाली अँगलची छोटी गाडी बनवून घालायची, हुक जमिनीपासून आठ इंचांवर येईल इतकी बुटकी. जीपच्या हुकाची उंची साधारण अठरा इंच, म्हणजे दहा इंच आणखी खाली, चौकट अडीच इंच आणखी खाली. पण तुमची बोट-ट्रेलर मिळून साडेचारशे किलो असेल तर सहाला पाऊण फूट चढणाऱ्या रॅम्पवर तिचा नुसता उतारामुळेच छप्पन किलोंचा ओढा मागे असतो. चाकाची रगड त्यावर वेगळी. चार माणसं आणि मागे ठोकळा लावणारा पाचवा, असा तो कारभार. चेनपुलीने ओढायचं असेल तर ती ट्रेलरच्या चासीला लावा, बोटीच्या कडीला कधीच नाही.

चौकट बिजागरीवर पाडता येईल असंही तुमच्यापैकी कुणी सुचवलं आहे. शौकासाठी पाण्यात जाणाऱ्याची बोट असती तर मी तेच पहिल्यांदा सांगितलं असतं. पुराच्या धारेत मात्र ओल्या हातांनी माणूस पहिल्यांदा तीच चौकट धरतो. ती पाडायची असेल तर दोन्ही पायांना जाड पिन आणि पिनेला लॉक हवं, आणि अंधारात कुणीतरी एक पिन लावायची विसरणार हे धरून चाला. मी करणार नाही. तिच्यावरचा सर्चलाइट मात्र काढता-घालता करा. तुमच्या ७ फूट १ मध्ये तो धरलेला नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तो प्रत्येक वेळी काढावाच लागेल.

मग सव्वातीन इंच कुठून आणायचे? कमानपाट्यांतून. तुमच्या ट्रेलरचे पाटे ॲक्सलच्या वर बसले आहेत, बहुतेक देशी ट्रेलरचे तसेच असतात. ते ॲक्सलच्या खाली घेतले की चासी खाली येते. किती येते ते जागेवर मोजता येतं: ॲक्सलची जाडी, अधिक पाट्यांच्या थप्पीची जाडी, अधिक बैठकीची पट्टी. फोटोत ॲक्सल ४५ मिलिमीटरचा चौरस बार वाटतो, आठ-आठ मिलिमीटरचे चार पाटे, दहाची बैठक. एकूण ८७ मिलिमीटर, आमच्या भाषेत तीन इंच तीन सूत, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुमची गरज सव्वातीन इंचांची, म्हणजे तीन इंच दोन सूत. एक सूत उरतं.

इथे मी स्वतः फसलो होतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मासेमारीच्या बोटीसाठी मी असेच पाटे खाली घेतले. हिशेब केला साडेतीन इंचांचा, गिऱ्हाइकाला छातीठोक सांगितलं, आणि बोट आत घालताना वरची पट्टी शटरला घासली. मी शटरवाल्यावर चिडलो. मग खाली बसून बघितलं तर चूक माझी. ॲक्सल साडेतीन इंच खाली आला होता, पण हुक होता तिथेच, कारण हुकाची उंची गाडीवर ठरते. ट्रेलर नाक वर करून उभा होता. मागे भरपूर खाली आला, पुढे कमी. तुमच्या आकड्यांत सांगायचं तर ८७ मिलिमीटरपैकी चौकटीपाशी फक्त ६५ मिळतील, जेमतेम अडीच इंच. म्हणून जीपचा बॉलही, ज्यावर ट्रेलरचा हुक बसतो तो, तेवढाच खाली घ्या. जाड पट्टीचा खाली उतरणारा ब्रॅकेट बनतो, कुठलाही चांगला फॅब्रिकेटर करेल, पण बोल्ट चांगल्या ग्रेडचे घ्या आणि ब्रॅकेट गाडीच्या चासीला बांधा, बंपरला नाही.

पाट्यांचं काम करताना ॲक्सल उलटा फिरवून मोकळं व्हायचा मोह होतो. काही ॲक्सलना मधे किंचित बाक दिलेला असतो, उलटा केला की चाकं आडवी खातात आणि टायर एका बाजूने झिजतं. ॲक्सल आहे तसाच ठेवून खालच्या बाजूला नवी बैठक वेल्ड करा. वेल्डिंगच्या वेळी हबमधलं ग्रीस आणि बेअरिंग काढून ठेवा. यू बोल्ट नवे घ्या आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, ते बसतात तसे ढिले पडतात. चासी खाली आली म्हणजे ॲक्सल आणि चासीतलं अंतर कमी झालं. बोट भरलेली असताना तिथे तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत, नाहीतर खड्ड्यात ॲक्सल चासीवर आपटेल. मडगार्डचंही तेच. टायर आणि मडगार्डमध्ये हात जात नसेल तर मडगार्ड वर सरकवून घ्या. ट्रेलरची नोंदणी झालेली असेल तर या बदलाबद्दल आधी आरटीओत विचारून घ्या.

उंची कमी केली की नवा त्रास मागे सुरू होतो, इंजिनपाशी. ॲक्सल रॅम्पच्या पायथ्याशी असतो तेव्हा इंजिनाचा पाय त्याच्या सहा फूट मागे, म्हणजे रॅम्पच्या वरच्या कडेवर येतो. तिथे जमीन ९ इंच उंच आहे. इंजिन सरळ खाली सोडलेलं असेल तर पायाचं टोक आणि पंखा रॅम्पवर आपटणारच. म्हणून रॅम्प चढताना इंजिन वर उचलून लॉक करायचं. पण वर उचललेलं इंजिन मागे पसरतं. तुमची एकूण लांबी इंजिन खाली असताना सव्वाअठरा फूट आहे, वर उचललं की वीस फुटांपर्यंत जाते. गॅरेज एकोणीस. म्हणजे शटर लागायचं असेल तर आत गेल्यावर इंजिन पुन्हा खाली सोडावं लागेल.

हे सोडायचं कधी? ॲक्सल दारातून चार फूट आत गेल्यावर जीप थांबवा, हँडब्रेक ओढा. चौकट तेव्हा शटरच्या पुढे, आत गेलेली असते, मागे भिंत अजून लांब असते. एकाने बाजूने आत जाऊन इंजिन खाली सोडायचं आणि बाजूनेच बाहेर यायचं. इंजिन आणि मागची भिंत यांच्यात उभं राहायचं नाही. जीप एक फूट जरी सरकली तरी माणूस तिथेच चेमटतो. आणि फरशीत, चाकं जिथे थांबायला हवीत तिथे, सागाचे किंवा साध्या लाकडाचे दोन ठोकळे बोल्टने बसवून टाका, इंजिन भिंतीपासून सहा इंच राहील अशा अंतरावर. मग मागे ओरडणाऱ्याची गरजच पडत नाही.

बोटीचं शेपूट त्या वेळी किती वर गेलेलं असतं याकडे लोकांचं लक्ष नसतं. हुक ९ इंच खाली म्हणजे मागची फळी पावणेचार इंच वर. शटरचा गोळा दाराशीच असतो, तो कधीच पार झालेला असतो, पण आतला पंखा, ट्यूबलाइट, पोटमाळ्याची कड बघून घ्या. एकाच्या गॅरेजात उचललेल्या इंजिनाने भिंतीतला पाण्याचा नळ तोडलेला मी पाहिलाय.

आता ते एक सूत उरलं म्हणालो त्याबद्दल. एका सुतावर मी झोपत नाही, तुम्हीही झोपू नका. कारण तुमच्या हिशेबातले सव्वादोन इंच रस्त्याने दिलेत, आणि आपल्याकडे रस्ता एका जागी राहत नाही. जुन्यावरच नवं काँक्रीट पडतं. रस्ता सहा इंच वर आला की तुमच्या ९ चे ३ राहतील आणि सव्वादोन इंचांचा पाऊण इंच होईल. दीड इंच गेला, म्हणजे मोकळीक गेली. हे होणार, फक्त कधी ते माहीत नाही.

त्याची तरतूद शटरमध्ये करा. फोटोत शटर पूर्ण वर असूनही खालची अँगलपट्टी लिंटेलच्या खाली लोंबतेय, तुमचे ६ फूट ९ इंच त्या पट्टीपर्यंतचे आहेत. बऱ्याच शटरांत थांबणारा बोल्ट सोयीसाठी खाली मारलेला असतो, हात पुरावा म्हणून. शटरवाल्याला बोलवा, बोल्ट वर घ्यायला सांगा आणि पट्टीचं हँडल आतल्या बाजूला वळवून घ्या. दोन इंच आरामात मिळतील. बोल्ट पूर्ण काढू नका, पट्टी गोळ्यात गुंडाळली गेली तर शटर अडकतं, आणि ते नेमकं पुराच्या रात्री अडकेल. हात पुरत नाही म्हणून पट्टीला दोरी बांधा. मोटारीचं शटर असेल तर हाताने चालवायची साखळी महिन्यातून एकदा ओढून बघा. वादळात पहिल्यांदा वीज जाते.

जमीन खणून चाकांसाठी दोन नाल्या करण्याचाही एक मार्ग आहे, चार इंच खोल, चाकं त्यातून आत जातील अशा. तापीकाठच्या काळ्या मातीत मला तो आवडत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मुरूम आणि काँक्रीट नीट नसेल तर दोन वर्षांत नाली वाकडी होते. वर पाणी साचतं ते वेगळं.

सगळं झाल्यावर पहिल्या दिवशी घाई करू नका. शटरच्या पट्टीखाली दीड इंचावर, दोन्ही बाजूंच्या गाईडना बांधून एक सुतळी आडवी ताणा. बोट मुंगीच्या पावलाने आत घ्या. चौकटीने सुतळी हलवली तर तिथेच थांबा आणि चाक, हुक, सुतळी तिन्हींचा फोटो काढून मला पाठवा. समोर मोकळा प्लॉट दिसतोय, जीप सरळ मागे घेता येईल. तिरपी घेऊ नका. ट्रेलर वाकडा असला की चौकटीचा एक कोपरा आधी आत शिरतो आणि पट्टी नेमकी कुठे लोंबलेली आहे ते तो शोधून काढतो.

पेट्रोलची टाकी मात्र गॅरेजात ठेवायची नाही. आपल्याकडे मे महिन्यात पत्रा हात लावू देत नाही आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, फरशीवर बसून राहते. टाकी बाहेर सावलीत, जाळीच्या कपाटात कुलूप लावून. बॅटरीची वायर सोडून ठेवा. मागचं बूच काढा, म्हणजे आतलं पाणी निघून जाईल, आणि ते बूच ट्रेलरच्या हुकाच्या पिनेला दोरीने बांधा. बुचाशिवाय बोट पाण्यात ढकलणारे मी तिघे पाहिलेत, तिघेही अनुभवी होते. पिनेला बांधलं की हूक जोडताना ते हातातच येतं.